वटाव, बट्टा आणि हुंडणावळ

काकूंच्या बॅगा 23 किलोंत बसत नव्हत्या. हॉलमध्ये टांगता वजनकाटा, दोन उघड्या बॅगा, हळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, मेतकुटाच्या पुड्या आणि सोलापूरहून मागवलेली शेंगाचटणी असा सगळा पसारा. हैदराबादच्या कुकटपल्लीत, केपीएचबी कॉलनीतल्या आमच्या इमारतीत हे दृश्य वर्षातून चार-पाचदा कुठल्या ना कुठल्या मजल्यावर दिसतं. कुणाची मुलगी न्यू जर्सीला, कुणाचा मुलगा टेक्ससला. बाळंतपण आलं की आईवडील निघतात. तेलुगू घरांतून गोंगुऱ्याचं लोणचं जातं, आमच्यातून मेतकूट. पसाऱ्यापासून लांब, खिडकीशी, काका बसले होते. मूळ उदगीरचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, जमाखर्चाची वही आयुष्यभर एक दिवस न चुकवता लिहिलेले. हातात नवंकोरं क्रेडिट कार्ड. पगाराची पावती नसल्यामुळे ते त्यांना मुदत ठेवीवर मिळालं होतं.

"मला दोनच गोष्टी सांग," काका म्हणाले. "हे तिकडं चालंल का? आणि चाललं तर किती कापंल?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत संपलं. दुसऱ्याला संध्याकाळ लागली.

खरं तर 'किती कापंल' हा प्रश्न काकांच्या घरात दोन पिढ्यांचा आहे. त्यांच्या वडिलांचं उदगीरला कापडाचं लहानसं दुकान होतं आणि माल यायचा सोलापूरहून. उदगीर निजामाच्या मुलखात, सोलापूर इंग्रजांच्या. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार. हाली म्हणजे सध्या चालणारा, आणि आपण ज्याला 'हल्ली' म्हणतो तो शब्दही त्याच घरातला. दोन्ही रुपयेच, पण किंमत एक नाही. 100 कलदारांना 116 हाली रुपये, 10 आणे आणि 8 पै, म्हणजे सहा कलदारांना सात हाली. 1918 नंतर निजामाने नोटाही काढल्या आणि त्यांच्यावर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू, कानडीतही रक्कम छापली. हैदराबाद संस्थानातून सोलापूरच्या पेठेत जाणारा माणूस आपल्याच भाषेच्या गावात जात होता, तरी पैशाच्या हिशोबाने परदेशी. नाणी बदलून देणारा सराफ मध्ये बसलेला असे आणि सहाला सात या सरकारी भावाच्या वर स्वतःचं काहीतरी ठेवून घेई. संस्थान भारतात विलीन झाल्यावरही हे एकदम थांबलं नाही. हाली 1950 च्या दशकात टप्प्याटप्प्याने गेला.

मराठीत या कापाकापीसाठी शब्दांची चैन आहे. नाणं किंवा हुंडी मोडताना जे कमी मिळतं तो वटाव. नाणं झिजलेलं किंवा परमुलखाचं म्हणून जे कमी धरलं जातं तो बट्टा. नावाला लागतो तोही हाच. एका गावची हुंडी दुसऱ्या गावी वटवताना जी किंमत मोजायची ती हुंडणावळ, आणि अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांनी पुढे परकीय चलनाच्या व्यवहारालाच 'विदेशी हुंडणावळ' म्हटलं. आता बँकेच्या पत्रकात 'फॉरेन करन्सी मार्कअप' छापलेलं असतं. मी काकांना म्हटलं, "मार्कअप म्हणजे वटाव." ते म्हणाले, "मग सरळ तसं लिहीत का नाहीत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आधी काकांचा पहिला प्रश्न, 'चालंल का'. त्याचा माग आमच्या रस्त्यावरूनच काढता येतो. कुकटपल्लीच्या मधोमध जाणारा आणि ज्याच्यावर आता मेट्रोचे खांब उभे आहेत तो रस्ता, राष्ट्रीय महामार्ग 65, पश्चिमेला जहीराबाद, उमरगा, नळदुर्ग करत सोलापूर गाठतो आणि पुढे पुण्याला जातो. पूर्वेला त्याचं टोक मछलीपट्टणमला आहे. याच मछलीपट्टणमला 1923 साली भोगराजू पट्टाभि सीतारामय्यांनी आंध्र बँक काढली. पुढे हैदराबादेत मुख्यालय असलेल्या या बँकेने 1981 मध्ये क्रेडिट कार्ड आणलं. भारतातल्या बँकांमध्ये त्याआधी फक्त सेंट्रल बँकेने 1980 मध्ये असं कार्ड दिलं होतं, आणि डायनर्स क्लबचं कार्ड 1961 पासून होतं, पण ते मोजक्या बड्यांच्या खिशात. आंध्र बँक 1 एप्रिल 2020 ला युनियन बँकेत विलीन झाली. कार्डांच्या हैदराबादी इतिहासाची ही ओळख एवढ्यासाठी, की त्या काळात आणि नंतरही बरीच वर्षं भारतीय कार्डांवर 'फक्त भारत आणि नेपाळमध्ये वैध' असं छापलेलं असे. 1970 च्या दशकात शिकायला गेलेल्या माणसांच्या आठवणींत खिशातले आठ डॉलर हमखास येतात. तेवढेच घेऊन देश सोडता येई. परकीय चलनाचा जुना फेरा कायदा जाऊन 1 जून 2000 पासून त्याच्या जागी फेमा लागू झाला आणि मग दार हळूहळू उघडलं. काकांच्या हातातल्या कार्डावर नेपाळची अट नव्हती. ते वाटेतल्या दोहा विमानतळावरच्या कॉफीलाही चालणार होतं.

मात्र एक कळ दाबावी लागणार होती. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2020 मध्ये काढलेल्या परिपत्रकामुळे नवं किंवा बदलून मिळालेलं कार्ड आधी फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. परदेशी वापर, ऑनलाइन वापर, नुसतं टेकवून पैसे देणं हे सगळं ग्राहकाने स्वतः बँकेच्या ॲपमध्ये चालू करायचं असतं, आणि प्रत्येकाची मर्यादाही स्वतः ठरवता येते. अनेकांचं कार्ड परदेशातल्या पहिल्याच काउंटरवर नाकारलं जातं ते याच कारणाने. बँक बुडाली की काय अशी शंका घेण्याआधी ॲप उघडावं. काकांचं आम्ही तिथेच चालू केलं. मशीनवरच्या खर्चाची मर्यादा मध्यम, ऑनलाइनची कमी, रोख काढण्याची 20 हजार. रोख काढायचीच नाही असं ठरल्यावरही 20 हजार का ठेवले ते पुढे येईल.

आता कापाकापी. काका लेकीकडे डॅलसला जाऊन तिथल्या दुकानात 100 डॉलरचं काही घेतात तेव्हा दुकानदाराची बँक ती मागणी व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या जाळ्याकडे पाठवते. जाळं त्या दिवसाच्या आपल्या दराने डॉलरचे रुपये करतं आणि काकांच्या बँकेकडून वसूल करतं. हा दर बँकांच्या आपसातल्या घाऊक दराच्या अगदी जवळ असतो आणि दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर रोज पाहता येतो. विमानतळावरच्या चलन बदलाच्या खिडकीत असा दर कधीच मिळत नाही. दर लागतो तो मात्र व्यवहार जाळ्यात नोंदला जातो त्या दिवसाचा. कार्ड टेकवलं त्या दिवसाचा तो असेलच असं नाही, म्हणून दोन-तीन दिवसांनी रक्कम थोडी हलते. इथपर्यंत वटाव जवळजवळ नाही. तो लागतो काकांच्या बँकेत. बहुतेक भारतीय कार्डांवर मार्कअप साडेतीन टक्के असतो. महागड्या कार्डांवर दोन टक्के किंवा त्याहून कमी, काही कार्डांवर शून्य. त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे साडेतीनचे झाले 4.13, दोनचे 2.36.

काकांच्या कार्डावर दोन टक्के होते. त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं: शंभराला दोन रुपये छत्तीस पैसे. पैसे अजून अशा माणसांच्या वहीतच जिवंत आहेत.

शून्य मार्कअपच्या कार्डांबद्दल मला विचारतात तेव्हा मी म्हणतो, घ्या, पण वार्षिक शुल्क बघा. वर्षाला दोन हजार शुल्क भरून परदेशी खर्च 40 हजारांचाच होणार असेल, तर साडेतीन टक्केवाल्या साध्या कार्डावर तेवढ्याच खर्चाला सुमारे साडेसोळाशे गेले असते. रिवॉर्ड पॉइंटांची गणितं तर मला हळदी-कुंकवाच्या वाणासारखी वाटतात. आपण काय दिलं आणि काय घेतलं याचा ताळा कुणी मांडत नाही.

आणि परदेशी खर्चासाठी परदेशी जावंच लागतं असंही नाही. कुकटपल्लीतल्या कितीतरी घरांत पहिला डॉलर खर्च होतो तो जेवणाच्या टेबलाशी बसून. मुलाला अमेरिकेत एमएसला पाठवायचं तर विद्यापीठांची अर्ज-फी, मग विद्यार्थी व्हिसाआधीची सेविस फी, 350 डॉलर. हिशोबाला सोपं म्हणून डॉलर 90 रुपये धरू. 350 डॉलरचे 31,500 रुपये झाले. साडेतीन टक्के मार्कअप 1,102 रुपये 50 पैसे, त्यावर जीएसटी 198 रुपये 45 पैसे. मुलगा अजून जेएनटीयूच्या बसथांब्यावर उभा आहे आणि 1,300 रुपये वटाव गेला. एखाद्या परदेशी संकेतस्थळाने आपल्याला भाव रुपयांत दाखवला तरी निर्धास्त होऊ नये. दुकान परदेशात नोंदलेलं असेल तर रुपयांतल्या व्यवहारावरही अनेक बँका टक्काभर शुल्क आणि त्यावर जीएसटी लावतात.

या रुपयांत भाव दाखवण्यावर मी थोडा जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथे मी स्वतः फसलो आहे. काही वर्षांपूर्वी एका परदेशी शहरात चार रात्री राहून हॉटेल सोडताना काउंटरवरच्या तरुणाने कार्ड मशीनला लावलं, पडदा बघितला, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, तुम्ही भारतातले ना, मी तुमच्या रुपयांतच करून देतो. मी त्याचे आभार मानले. पावतीवर 52 हजार आणि काही रुपये. विमानतळावर वेळ होता म्हणून जाळ्याचा त्या दिवसाचा दर काढला, तर तीच रक्कम 49 हजारांच्या आसपास येत होती. वर महिनाअखेरच्या पत्रकात माझ्या बँकेनेही परदेशात रुपयांत व्यवहार केल्याबद्दल टक्काभर लावलेला. सगळे मिळून साडेतीन हजारांहून जास्त, आणि त्यासाठी मी वर थँक्यूही म्हटलेलं.

या सोयीचं व्यवहारातलं नाव आहे डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, थोडक्यात डीसीसी. यात चलन बदलण्याचं काम जाळ्याऐवजी दुकानदाराच्या बाजूची कंपनी करते. दर ती ठरवते आणि मिळकतीतला वाटा दुकानालाही जातो. तो तरुण हसला त्यात त्याचाही दोष नसावा. त्याला तसंच शिकवलेलं असेल. जाळ्यांचा नियम सांगतो की ग्राहकाला विचारल्याशिवाय हे करता येत नाही. म्हणूनच मशीनच्या पडद्यावर दोन चौकोन येतात, एका बाजूला स्थानिक चलन आणि दुसऱ्या बाजूला रुपये. बहुधा रुपयांचा चौकोन मोठा किंवा हिरवा असतो. 'हमखास दर', 'आत्ताच कळणारी रक्कम' असे शब्दही असतात. रक्कम आत्ता कळते हे खरंच आहे. पण आत्ता कळणारी जास्त रक्कम आणि दोन दिवसांनी कळणारी कमी रक्कम यांत मी दुसरीच घेईन.

काकांना मी दोह्याचं उदाहरण देऊन दाखवलं, कारण त्यांचं विमान तिथेच बदलणार होतं. कतारी रियाल डॉलरला 3.64 असा बांधलेला आहे, म्हणजे आपल्या हिशोबात रियाल 24 रुपये 73 पैसे. दोन कॉफी 44 रियालच्या धरल्या तर 1,088 रुपये. काकांच्या कार्डाचा वटाव धरून 1,114. हीच कॉफी मशीनने रुपयांत 1,150 दाखवली आणि काकांनी हिरवा चौकोन दाबला, तर बँकेचा टक्का धरून 1,164.

"पन्नास रुपये," काका म्हणाले.

"कॉफीत पन्नास. हॉटेलात साडेतीन हजार."

"कॉफी पितोय कोण तिथं? अकराशेची कॉफी!" काकूंनी लाडवांचा डबा तिसऱ्यांदा तोलत आतून सांगितलं, त्या थर्मासमध्ये चहा नेणार आहेत. विमानतळावरच्या तपासणीत तो चहा ओतून द्यावा लागेल हे त्यांना सांगायची हिंमत काकांनाही झाली नाही.

एटीएमवरही हाच प्रश्न येतो आणि तिथे तो जास्त फसवा असतो. पडदा विचारतो, 'दर मान्य आहे का?' नाही म्हटलं तर पैसेच मिळणार नाहीत असं वाटतं. मिळतात. 'दर मान्य नाही' दाबलं की व्यवहार रद्द होत नाही. फक्त चलन बदलण्याचं काम पुन्हा आपल्या जाळ्याकडे जातं.

आता रोख रक्कम. क्रेडिट कार्डाने दुकानात पैसे देणं आणि क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढणं या दोन गोष्टी एकाच कार्डाने होतात म्हणून एकसारख्या वाटतात. दुकानात दिलेल्या पैशांना बिलाच्या तारखेपर्यंत आणि पुढे काही दिवस व्याज नाही. एटीएममधून काढलेले पैसे हे त्या क्षणापासून कर्ज. बिनव्याजी मुदत त्याला एक दिवसाचीही नाही. व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात, म्हणजे वर्षाला 42. आपल्या आजोबांनी सावकाराला शिव्या दिल्या त्या याहून कमी दरासाठी दिल्या असतील.

200 डॉलर काढले असं समजू. 18,000 रुपये. तिथल्या एटीएमच्या मालकाने स्वतःचे 4 डॉलर लावले, 360 रुपये. आता रक्कम 18,360. साध्या कार्डाचा साडेतीन टक्के मार्कअप 642 रुपये 60 पैसे. रोख काढण्याचं शुल्क अडीच टक्के, पण किमान 500 असा अनेक बँकांचा रिवाज, म्हणून 500. या दोन्हींवर जीएसटी 205 रुपये 67 पैसे. बिल येऊन ते भरेपर्यंत 40 दिवस गेले तर व्याज सुमारे 845 आणि त्यावर जीएसटी 152. सगळे मिळून 2,705 रुपये. 18 हजारांवर शेकडा 15. हाली-कलदारच्या काळातल्या कुठल्याही सराफाने असा वटाव मागितला असता, तर उदगीरच्या पेठेत त्याचं दुकान राहिलं नसतं.

एटीएम मालकाचं शुल्क देशोदेशी वेगळं. हैदराबादहून थेट विमानं आहेत म्हणून इथली तरुण मंडळी थायलंडला फार जातात. तिथे परदेशी कार्डाला दर वेळी ठरावीक शुल्क लागतं, मग काढा हजार बाट किंवा दहा हजार. तिथे थोडे थोडे करून चारदा पैसे काढणारा माणूस चारदा दंड भरतो. जर्मनीत अजूनही कार्डाला नाक मुरडणारी छोटी दुकानं भेटतात. अमेरिकेत मात्र रोखीवाचून सहसा अडत नाही.

मग रोख हवीच असेल तर? थोड्या नोटा इथूनच न्याव्या. एका प्रवासाला 3,000 डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात, काही मोजक्या देशांसाठी जास्त. अधिकृत चलन-विक्रेत्याकडून रोख रुपये देऊन घ्यायच्या तर 50 हजारांच्या आत. वर गेलं तर खात्यातून. भाव विचारताना एक युक्ती: घ्यायचा आणि विकायचा दोन्ही भाव विचारावेत. दोहोंतली फट हाच त्याचा वटाव. ज्याच्या फलकावर 'कमिशन शून्य' लिहिलेलं असतं त्याच्याकडे ही फट हमखास रुंद. दुसरा मार्ग आधी डॉलर भरून न्यायचं फॉरेक्स कार्ड. त्यातून एटीएमचे पैसे काढले तर ते कर्ज नसतं, आपलेच डॉलर असतात, शुल्क ठरावीक. पण डॉलरचं कार्ड रियालमध्ये वापरलं की पुन्हा एकदा चलन बदलाचं शुल्क लागतं, आणि भरताना मिळणारा भावही जाळ्याच्या दराइतका नसतो. माझा सल्ला साधा आहे: खर्च क्रेडिट कार्डाने, किरकोळ रोख इथून नेलेली, आणि क्रेडिट कार्डाने एटीएम फक्त अडल्यावेळी. अडल्यावेळी काढलेच तर त्याच रात्री नेटबँकिंगने कार्डात तेवढे पैसे भरून टाकावेत. व्याज दिवसावर चालतं, तेवढं तरी वाचतं. काकांची 20 हजारांची मर्यादा या 'अडल्यावेळी'साठी होती.

चोरीची भीती काकूंना जास्त होती. आपल्याकडे ऑनलाइन खरेदीला ओटीपी येतो, दुकानात पिन विचारतात. बाहेर ही शिस्त सगळीकडे नाही. अमेरिकेतली कितीतरी संकेतस्थळं नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे घेतात. तिथल्या उपाहारगृहात वेटर कार्ड घेऊन आत जातो, पावती आणतो, तुम्ही खाली टीप लिहून सही करता आणि तुम्ही उठून गेल्यावर टीपसकट रक्कम नोंदली जाते. त्यामुळे मोबाइलवर आलेला आकडा आणि पत्रकातला आकडा जुळत नाही. ती चोरी नसते. हॉटेल आणि भाड्याची मोटार यांचं वेगळंच, ते अनामत म्हणून काही रक्कम अडवून ठेवतात आणि ती सुटायला कित्येक दिवस लागतात. पेट्रोल पंपावरचं मशीन तिथला पिनकोड विचारतं. आपला सहा आकडी 500072 त्याला पचत नाही. मग आत जाऊन काउंटरवर पैसे द्यायचे. परत केलेल्या वस्तूचे पैसे येतात ते परतीच्या दिवसाच्या दराने, आणि मार्कअप परत मिळेलच असं नाही.

खरंच चोरी झाली तर 2017 च्या जुलैमधलं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक ग्राहकाच्या बाजूचं आहे. चूक ना आपली ना बँकेची, आणि संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर आपली जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर. पण कळवणार कुठे? कार्डाच्या मागे छापलेला 1800 चा फुकट नंबर परदेशातून बहुधा लागत नाही. त्याच्या शेजारी शहराचा कोड असलेला दुसरा नंबर असतो; तो देशाच्या 91 सह वहीत लिहून न्यावा, मोबाइलमध्ये नव्हे, कारण मोबाइल आणि पाकीट बऱ्याचदा एकाच पिशवीबरोबर जातात. भारतीय सिमकार्ड चालू ठेवावं, संदेश त्याच्यावरच येतात. काकांनी नंबर वहीत लिहिला, आणि वहीची शेवटची दोन पानं काकूंच्या पर्समध्ये ठेवायला फाडून दिली. मी त्यांना वहीचं पान फाडताना प्रथमच पाहिलं.

कराचं राहिलं. परदेशी पैसे पाठवायची माणशी वार्षिक मर्यादा, जी 2004 मध्ये 25 हजार डॉलरने सुरू झाली, ती आता अडीच लाख डॉलर आहे. फॉरेक्स कार्डात भरलेले पैसे त्यात मोजले जातात. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च मोजला जात नाही. 2023 च्या मे महिन्यात सरकारने तोही मोजायचं ठरवलं, ओरड झाली, तीन दिवसांनी सात लाखांपर्यंत सूट दिली आणि जून संपता संपता निर्णयच पुढे ढकलला. पाठवलेल्या पैशांवर बँक टीसीएस नावाचा जो कर आगाऊ घेते तो 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला दहा लाखांच्या वरच्या रकमेवर, कारणानुसार वेगवेगळ्या दराने. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, फक्त तोवर पैसे अडकतात. काकांना याचा काही उपयोग नव्हता. "दहा लाख? अरे, मी नातू बघायला चाललोय."

ते गेले, बारसं झालं, पाच महिन्यांनी परत आले. आल्यावर दुसऱ्या दिवशी काकांनी वही दाखवायला बोलावलं. तारीखवार नोंदी, डॉलर एका रकान्यात, रुपये दुसऱ्यात, आणि तिसऱ्या रकान्याचं नाव 'वटाव'. दोह्यात कॉफी नाही. किराणा, औषधं, बाळाचा पाळणा, सगळ्यांसमोर शंभराला दोन रुपये छत्तीस पैसे बरोबर मांडलेले. एका ठिकाणी पत्रकाशी सात पैशांचा फरक येत होता, त्यावर लाल शाईने प्रश्नचिन्ह. डॉलर तेव्हा 90 च्याच आसपास होता.

मग एक नोंद दिसली. रोख 200 डॉलर, एटीएम, वटाव रु. 1,408. मी हिशोब केला: एटीएमचे 360, दोन टक्के मार्कअप, पाचशे शुल्क, त्यांवरचा जीएसटी, आणि एकाच दिवसाचं व्याज. काकांनी दुसऱ्याच दिवशी कार्डात पैसे भरून घेतले होते. इथून नेलेल्या नोटा तोवर संपलेल्या. बारशाला आलेल्या गुरुजींना दक्षिणा, मदतीला येणाऱ्या बाईंना काही, लेकीच्या हातावर काही.

"काका, घरात जावई होते ना? त्यांच्याकडून रोख घ्यायची, खात्यातून त्यांना..."

काकांनी वही माझ्याकडे वळवली. 'शेरा' या रकान्यात, त्यांच्या बारीक मोडी वळणाच्या अक्षरात, लिहिलं होतं: जावयाकडे मागितले नाहीत.